वारा होता, वीज नव्हती

मार्चमधला एक रविवार. संध्याकाळी ५ वाजून १२ मिनिटांनी सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या धारेखाली एक ग्लायडर उतारावर आपटलं. तीन मीटर पंख, सव्वादोन किलो वजन, फायबरचं अंग, कार्बनचा कणा. वारा उत्तम होता, रेडिओ नवा होता, उडवणारा मुरलेला होता. घात झाला तो नाकात बसवलेल्या चार पेन्सिल सेलच्या पॅकपाशी.

पुढचा घटनाक्रम कुणा एकाचा नाही. वेगवेगळ्या डोंगरांवर, वेगवेगळ्या हातून पुन्हा पुन्हा जे घडतं, ते इथे एकाच ग्लायडरच्या आणि एकाच शनिवार-रविवारच्या हिशोबात बसवलं आहे. आकडे त्या मापाच्या विमानाला लागू पडतील असे धरले आहेत. मालकाला ‘काका’ म्हणू; डोंगरावर वयाने मोठ्या माणसाला सगळे तेच म्हणतात.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बिनमोटरच्या ग्लायडरला बॅटरी उडवत नाही. धारेवर आदळून वर चढणारा वारा त्याला उडवतो. बॅटरी फक्त रिसीव्हर आणि सर्व्हो चालवते, म्हणजे सुकाणू सांभाळते. त्यामुळे ती संपत आली तरी विमान मंदावत नाही, त्याचा आवाज बदलत नाही, उंचीही सुटत नाही. मोटरच्या विमानात ताकद उतरली की हाताला लगेच कळतं. शिवाय तिथलं स्पीड कंट्रोलर आधी मोटर तोडतं आणि उरलेली वीज सर्व्होंसाठी राखून ठेवतं. ग्लायडरला यातलं काही नाही. वारा आहे तोवर ते वर आहे, आणि वारा चार-चार तास वाहतो. बॅटरी तेवढी पुरत नाही.

नऊ महिने आधी: जून

पहिला पाऊस पडला आणि काकांनी ग्लायडर माळ्यावर चढवलं. पंख कापडी पिशव्यांत, शेपूट वर्तमानपत्रात, सगळं नीटनेटकं. नाकातला पॅक मात्र तसाच राहिला. तो काढायचा तर आधी पुढचं शिसं काढावं लागतं, आणि शिसं परत बसवताना गुरुत्वमध्य पुन्हा जुळवावा लागतो. स्विच बंद केला होता, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

हा स्विच इलेक्ट्रॉनिक होता. असे बरेच स्विच बंद असतानाही अगदी किंचित प्रवाह ओढत राहतात. त्यात पॅक साध्या निकेल-मेटल हायड्राइडचा, २००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा). ही जात नुसती पडून राहिली तरी महिन्याला चौथा हिस्सा सहज गमावते, उकाड्यात त्याहून जास्त. सान्योने २००५ साली बाजारात आणलेल्या एनेलूपसारख्या सेलमध्ये ही गळती फारच कमी असते. ते सेल थोडे महाग होते आणि जुना पॅक ‘चालत’ होता, एवढ्यावर विषय संपला होता.

चारही सेल सारख्याच वेगाने रिकामे होत नाहीत. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्यात फरक पडला, आणि एक सेल बाकी तिघांच्या बराच मागे राहिला. दमट हवेने प्लगच्या पितळी पिनांवरही आपलं काम केलं.

४५ तास ५७ मिनिटं आधी: शुक्रवार, संध्याकाळी ७:१५

ऑफिसातून आल्यावर काकांनी ग्लायडर खाली काढलं. परवा वारा पश्चिमेचा आणि ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा, असा अंदाज होता. मोसमातला पहिला चांगला रविवार.

पॅक न काढताच त्यांनी स्विचच्या चार्जिंग जॅकमध्ये पिन खोचली आणि चार्जरवर २ अँपिअर लावले. म्हणजे १सी, तासाभरात काम तमाम. निरोगी पॅकला हा वेग चालतो. नऊ महिने पडून असलेल्या पॅकला आधी एकदा सावकाश भरावं लागतं: क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, २०० मिलिअँपिअरवर, चौदा ते सोळा तास. या मंद चार्जिंगमध्ये आधी भरलेले सेल जास्तीचा प्रवाह थोड्या उबेत जिरवतात आणि मागे राहिलेला सेल तेवढ्यात त्यांना गाठतो. शुक्रवारी रात्री लावून शनिवारी दुपारी काढला असता तरी रविवारला अख्खी रात्र उरत होती.

४५ तास ३६ मिनिटं आधी: शुक्रवार, संध्याकाळी ७:३६

चार्जर वाजला. पडद्यावर ‘फुल्ल’ची खूण आली.

एकवीस मिनिटांत.

निकेलचा पॅक भरल्याचं चार्जर कसं ओळखतो? भरत असताना व्होल्टेज चढत जातं. सेल पूर्ण भरला की पुढची वीज उष्णता होऊ लागते, आणि व्होल्टेज चढायचं थांबून किंचित खाली येतं. चार्जर त्या उताराची वाट बघत असतो. मेटल हायड्राइडमध्ये हा उतार फार लहान, सेलमागे पाचेक मिलिव्होल्टचा. चार सेलचे मिळून वीस. जुन्या कॅडमिअमच्या सेलमध्ये तो याच्या दुप्पट-तिप्पट असायचा, म्हणून चकवा कमी व्हायचा.

वीस मिलिव्होल्ट हलवायला फार काही लागत नाही. बराच काळ पडून राहिलेले सेल सुरुवातीला व्होल्टेज उगाच वर नेतात आणि मग खाली सोडतात. काळवंडलेली पिन दोन अँपिअरखाली तापते आणि तिचा अडथळा बदलतो. चार्जरला कारण दिसत नाही, उतार तेवढा दिसतो. मॉडेलवाले याला ‘फॉल्स पीक’ म्हणतात.

पडद्याच्या कोपऱ्यात खरी बातमी होती: ७०० एमएएच. दोन हजारांच्या, जवळपास रिकाम्या पॅकमध्ये सातशे गेले आणि चार्जर ‘झालं’ म्हणाला. काकांनी आवाज ऐकला, खूण बघितली आणि पिन काढली. आकडा पडद्याबरोबर विझला.

३१ तास २ मिनिटं आधी: शनिवार, सकाळी १०:१०

जेवणाच्या टेबलावर ग्लायडर जोडलेलं. काका ट्रान्समीटरवर फ्लॅपचे कोन आणि एलिव्हेटरचं मिश्रण जुळवताहेत. विमानात सहा सर्व्हो: दोन एलेरॉनला, दोन फ्लॅपला, एक एलिव्हेटरला, एक रडरला. सगळे डिजिटल.

उजव्या फ्लॅपपाशी कान नेला तर एक बारीक गुणगुण ऐकू येत होती. काडी पंखाच्या खोबणीला घासत होती. सर्व्होला सांगितलेली जागा केसभर लांब राहत होती, आणि तो तिथे पोचायची धडपड सोडत नव्हता. डिजिटल सर्व्होचा स्वभावच असा: जागा मिळेपर्यंत ढकलत राहायचं. ही गुणगुण म्हणजे वाहती वीज. काडी अर्धा मिलिमीटर तासली असती तर आवाज थांबला असता.

चाळीस मिनिटं स्विच चालू होता. मध्ये चहा झाला, एक फोन झाला. पॅकमधून सुमारे १७० एमएएच टेबलावरच गेले.

३० तास १७ मिनिटं आधी: शनिवार, सकाळी १०:५५

आवरण्याआधी काकांनी मल्टीमीटर लावला. सवयीचा माणूस, तपासल्याशिवाय राहणार नाही.

५.१ व्होल्ट.

४.८ व्होल्टचा पॅक ५.१ दाखवतोय म्हटल्यावर कुणीही समाधानाने मीटर ठेवून देईल. पण मल्टीमीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. बसल्या माणसाची नाडी बघून तो गड चढेल का हे ठरवावं, तसली ही तपासणी. त्यात निकेलच्या सेलचं व्होल्टेज भरण्यापासून संपण्यापर्यंत बहुतेक काळ १.२ ते १.२५ च्या मध्येच रेंगाळतं. भरलेला आणि अर्धा रिकामा यांत दशांशाचा फरक, आणि मग शेवटी एकदम कडा.

खरी तपासणी लोडखाली होते. अर्धा ते एक अँपिअर ओढणारा रेझिस्टर पॅकला जोडायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग मीटर बघायचा. बाजारात असे लोडसकट मीटर मिळतात. तेही नसेल तर ट्रान्समीटरच्या दोन्ही काड्या दहा सेकंद जोरात घुसळायच्या आणि सहाही सर्व्हो पळत असताना व्होल्टेज किती बसतं ते पाहायचं. मागे पडलेला सेल इथे आदल्या दिवशीच उघडा पडला असता.

१९ तास १२ मिनिटं आधी: शनिवार, रात्री १०:००

ट्रान्समीटर चार्जिंगला लागला. त्याला मोठा पडदा, टक्केवारी, आवाजी सूचना. तो रात्रभरात व्यवस्थित भरला. हातातल्या यंत्राची बॅटरी सगळे जपतात, कारण ती दिसते.

या रेडिओत टेलिमेट्री होती. रिसीव्हरचं व्होल्टेज हवेतून खाली येत होतं आणि ठरावीक आकड्याखाली गेलं की शिट्टी वाजणार होती. आकडा होता ४.० व्होल्ट. पहिल्या दिवसापासून तोच. चार निकेल सेलसाठी ४.० म्हणजे कड्याच्या टोकावर लावलेला ‘पुढे धोका’चा बोर्ड. ४.६ वर लावला असता तर इशारा मिळून शांतपणे उतरायला वेळ मिळाला असता.

त्याच रेडिओवर काकांनी आणखी एक सोय सुरू करून ठेवली: व्हेरिओ. ग्लायडर चढू लागलं की टिवटिव, जितकी चढाई जोरात तितकी टिवटिव जलद. धारेवर उडवताना ही मजेची गोष्ट. शिट्टी आणि टिवटिव एकाच लहान स्पीकरमधून येणार होत्या.

४ तास २ मिनिटं आधी: रविवार, दुपारी १:१०

ग्लायडर गाडीच्या डिकीत. मार्चचं ऊन, बंद काचा. तापलेला निकेल सेल आणखी वेगाने गळतो. शुक्रवारच्या सातशेतले चार्जिंगच्या घटीत आणि दीड दिवसाच्या गळतीत शंभर गेले, टेबलावर एकशे सत्तर. चौघांच्या सरासरीने नाकात आता सव्वाचारशेच्या आसपास उरले होते. मागे पडलेल्या सेलकडे त्याहून कमी.

१ तास २५ मिनिटं आधी: दुपारी ३:४७

पाऊण तास चढून दोघे माथ्यावर पोचले. बरोबर गटातला धाकटा भिडू, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कोकणातून वर येणारा वारा तोंडावर लागत होता. खालच्या दरीतून एक घार पंख न हलवता वर सरकत आली.

पंख जोडताना भिडूने नाकावरचं झाकण उघडलं.

“काका, ही काळी तार काळीच असते का हो?”

“काळी म्हणजे?”

“वरचं प्लास्टिक नाही. टोकाला सोलली आहे तिथे आतलं तांबंसुद्धा काळं दिसतंय.”

“जुनी आहे ती. बसव झाकण, वारा बघ कसला लागलाय.”

निकेलच्या जुन्या पॅकमध्ये ऋण टोकाच्या तारेचं तांबं आतल्या आत काळं पडतं. प्लास्टिक वरून चकचकीत राहतं, आत पेड काळे आणि ठिसूळ होतात. अशा तारेवर कथील धरत नाही, आणि जास्त प्रवाह मागितला की तिच्यातच व्होल्टेज खर्ची पडतं. यावर इलाज एकच: तार, प्लग आणि लागलं तर स्विचसुद्धा बदलायचा. भिडूचा प्रश्न अचूक होता आणि उत्तर द्यायला माथ्यावर कुणाला वेळ नव्हता.

झाकणाखाली पॅकच्या पुढे शिशाचे तुकडे भरलेले होते. ग्लायडरचं नाक आखूड आणि शेपूट लांब, म्हणून समतोलासाठी पुढे वजन घालावंच लागतं. चार पेन्सिल सेलचा पॅक शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, शिसं जवळपास दीडशे ग्रॅमचं. तेच वजन दुसऱ्या पॅकच्या रूपाने नेता आलं असतं. मोटरच्या विमानात बॅटरी वाढवली की वजनाचा भुर्दंड पडतो, ग्लायडरच्या नाकात तेवढी जागा फुकट मिळते. तरी बहुतेक नाकांत शिसंच सापडतं.

रेंज चेक झाला. ट्रान्समीटरची ताकद कमी करून भिडू तीस पावलं मागे गेला, सगळे सर्व्हो नीट हलले. रेंज चेक रेडिओचा असतो. बॅटरीबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

१ तास ७ मिनिटं आधी: दुपारी ४:०५

भिडूने दोन पावलं पळत ग्लायडर वाऱ्यावर सोडलं. ते क्षणभर खाली बसलं, मग धारेच्या चढत्या हवेत शिरून सरळ वर गेलं. व्हेरिओ टिवटिवू लागला.

काकांच्या मोटर लावलेल्या विमानासाठी ट्रान्समीटरमध्ये आठ मिनिटांचा टायमर होता. या ग्लायडरसाठी टायमर लावलेलाच नव्हता. मोटरच नाही, तर मोजायचं काय? गावोगावच्या स्लोपवर ही समजूत भेटते. पण वाऱ्याच्या झोतांत सहा सर्व्हो सतत काम करतात. बसल्या जागी काही मिलिअँपिअर घेणारा सर्व्हो झोताशी झगडताना शेकड्यांत घेतो आणि अडकला तर अँपिअरमध्ये. या उड्डाणाची सरासरी धरली तर ३६० मिलिअँपिअर, म्हणजे मिनिटाला सहा एमएएच. पॅकमध्ये काय आहे हे माहीत असतं, तर उतरायची वेळ ४:०५ लाच लिहून ठेवता आली असती.

२१ मिनिटं आधी: दुपारी ४:५१

“काका, पाऊण तास झाला. उतरवताय का? मलाही थोडं उडवायचंय.”

“अरे, असा वारा वर्षातून चारदा लागतो. दहा मिनिटं थांब, मग देतो.”

ग्लायडर धारेपासून शंभर मीटर वर होतं. काका उलटी भरारी मारत होते, लूप काढत होते. प्रत्येक लूपच्या तळाशी एलिव्हेटरचा सर्व्हो हवेचा दाब पेलत होता. व्होल्टेज अजून ४.७. कड्याच्या अलीकडचा सपाट माळ.

हाच तो टप्पा, जिथे नुसतं खाली आणलं असतं तरी सगळं वाचलं असतं. बॅटरी कशी भरली, तार कशी होती, कशाचाही हिशोब न करता.

१२ मिनिटं आधी: संध्याकाळी ५:००

मागे पडलेला सेल संपला.

सेल एकापुढे एक जोडलेले असले की संपलेल्यालाही सुटका नसते. बाकी तिघे आपला प्रवाह त्याच्यातून ढकलत राहतात. त्याचं व्होल्टेज शून्यावर येतं, मग उलटं होतं. चार सेलचा पॅक आता तीन सेलचा झाला होता, आणि तिघांना चौथ्याचं ओझं ओढायचं होतं. ४.७ चे ३.८ झाले, झोताबरोबर ३.६.

सर्व्हो मंद झाले. काकांना विमान ‘जड’ वाटलं, वारा गढूळ झालाय असं वाटलं. ४.० ची शिट्टी वाजली, वाजत राहिली. ती व्हेरिओच्या टिवटिवाटात मिसळली आणि वाऱ्याने उरलीसुरली उडवून नेली. भिडूने विचारलं, “हा आवाज वेगळा नाही का?” काकांची नजर विमानावर होती.

४ मिनिटं आधी: ५:०८

“उतरवतो. हाताला बरं लागत नाहीये.”

निर्णय बरोबर होता. मात्र धारेवर उतरणं म्हणजे ग्लायडरला सर्वांत जास्त वीज लागण्याची वेळ. चढत्या हवेत ते खाली यायला राजी नसतं. त्याला ब्रेक लावण्यासाठी दोन्ही फ्लॅप पूर्ण खाली आणि दोन्ही एलेरॉन वर करतात. याला ‘क्रो’ म्हणतात. पंखावरचे चारही सर्व्हो एकाच वेळी, पूर्ण टोकाला, हवेच्या पूर्ण दाबाविरुद्ध. शिवाय नाक सांभाळायला एलिव्हेटर. उजव्या फ्लॅपची घासणारी काडी तर होतीच. तासाभरात एकदाही न मागितलेला प्रवाह आता एका क्षणात मागितला जाणार होता.

८ सेकंद आधी

ग्लायडर माथ्यामागून वळून वाऱ्याला तोंड करून आलं. उंची पंधरा मीटर. काकांनी फ्लॅपचा दांडा खाली ओढला.

तीन सेल, एक उलटा सेल, काळी तार, मळलेली पिन. रिसीव्हरपाशी व्होल्टेज ३.५ च्या खाली गेलं. २.४ गिगाहर्ट्झचे बरेच रिसीव्हर या सुमाराला बंद पडतात, कारण आत एक छोटा संगणक असतो आणि त्याला ठरावीक व्होल्टेज लागतंच. जुने, अँटेना ओढायचे रेडिओ अशा वेळी थरथरायचे आणि व्होल्टेज सावरताच पुन्हा हुकूम पाळायचे. नव्याला पुन्हा सुरू होऊन ट्रान्समीटर ओळखावा लागतो.

रिसीव्हर बंद, म्हणून सर्व्होंना हुकूम नाही. हुकूम नाही, म्हणून प्रवाह नाही. प्रवाह नाही, म्हणून व्होल्टेज पुन्हा ४ वर. रिसीव्हर जागा झाला, ट्रान्समीटर सापडला, हुकूम आला: क्रो, पूर्ण. चारही सर्व्हो पुन्हा धावले. व्होल्टेज पुन्हा कोसळलं.

काकांचा अंगठा दांडा धरूनच होता. विमान ऐकत नाही म्हटल्यावर माणूस काडी आणखी दाबतो. दांडा सोडला असता, फ्लॅप वर गेले असते, तर कदाचित एलिव्हेटरपुरती वीज उरली असती. आठ सेकंदांत एवढं सुचायला ते आधी माहीत असावं लागतं.

शून्य: ५:१२

डावा फ्लॅप खाली, उजवा अर्ध्यात. ग्लायडर उजवीकडे कलंडलं, पंखाचं टोक कातळाला लागलं, आणि ते गिरक्या घेत माथ्याखालच्या कारवीत गेलं. वाऱ्याच्या आवाजात आपटण्याचा आवाजही आला नाही.

२८ मिनिटांनंतर: ५:४०

अंग पंखामागे दुभंगलं होतं, कार्बनचा कणा चिरफाळला होता, दोन सर्व्होंचे दाते तुटले होते. पॅक शाबूत. काकांनी खिशातला मीटर लावला.

४.७ व्होल्ट.

“बॅटरी ठणठणीत आहे. सिग्नल गेला रे. समोरच्या डोंगरावर टॉवर आहे ना.”

लोड सुटल्यावर निकेलचे सेल सावरतात. उलटा झालेला सेलही अर्ध्या तासात व्होल्टपर्यंत येतो. अपघातानंतरचं हे माप अपघाताआधीच्या मापाइतकंच निरुपयोगी. पण ते छातीठोक दिसतं. अशाच मापावर लोक रेडिओ बदलतात, जागा बदलतात, आणि तोच पॅक पुढच्या विमानात घालतात.

५२ तासांनंतर: मंगळवार, रात्री ९:१२

भिडूने ट्रान्समीटरचं कार्ड लॅपटॉपला लावलं. टेलिमेट्रीची नोंद त्यात सेकंदागणिक साठलेली होती. सिग्नलची रेघ शेवटच्या आठ सेकंदांपर्यंत भक्कम. व्होल्टेजची रेघ ४:०५ ते ५:०० जवळजवळ सपाट, पाच वाजता एक पायरी खाली, आणि ५:१२ ला करवतीचे दाते.

मग पॅकला एक अँपिअरचा लोड लावला. ४.७ चे ४.१ झाले, आणि काही सेकंदांत ३.३. सेल सुटे करून मोजले. चौथा पकडला गेला.

काका बराच वेळ रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, “आता लिथिअमच घालतो.”

हा उपाय आहे, पण अर्धा. लिथिअम आयर्न फॉस्फेटचा दोन सेलचा पॅक ६.६ व्होल्टचा असतो, साठवणीत फारसा गळत नाही आणि लोडखाली कमी बसतो. त्याआधी सहाही सर्व्हो आणि रिसीव्हर एवढं व्होल्टेज सोसणारे आहेत का, हे पाहायला हवं. त्याची रेघ तर निकेलपेक्षाही सपाट, म्हणजे व्होल्टेज बघून अंदाज बांधणाऱ्याला तो जास्त फसवतो. चार्जरवर जात निवडताना चूक चालत नाही: आयर्न फॉस्फेटला सेलमागे ३.६ व्होल्ट, लिपोला (लिथिअम पॉलिमरला) ४.२. उलटसुलट झालं तर नुकसान विमानापुरतं राहत नाही. लिपो असेल तर पूर्ण भरून आठवडे ठेवायची नाही, सेलमागे ३.८ च्या आसपास ठेवायची. आपटलेली किंवा फुगलेली लिपो पुन्हा चार्ज न करता घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवायची. आणि कुठलाही लिथिअम पॅक लाकडी टेबलावर लावून झोपायला जायचं नाही.

जात कोणतीही असो, ग्लायडर किती वेळ उडेल हे चार्जरच्या टेबलावर ठरतं. त्यासाठी दोनच आकडे लागतात: पॅकमधून खरोखर किती एमएएच निघतात, आणि आपलं विमान मिनिटाला किती खातं. पहिला आकडा मोसमाच्या सुरुवातीला पॅक एकदा पूर्ण भरून, चार्जरवरच पूर्ण रिकामा करून मिळतो. लिहून दिलेल्या क्षमतेच्या ऐंशी टक्के निघत नसतील तर तो पॅक टॉर्चला. दुसरा आकडा उड्डाणानंतर पुन्हा चार्ज करताना मिळतो: जेवढे आत गेले, साधारण तेवढे खर्च झाले, भागिले मिनिटं. त्यावरून निघालेल्या वेळेच्या निम्म्यावर टायमर लावायचा. उरलेली निम्मी शेवटच्या क्रोसाठी, आणि उतरायला जागा मिळाली नाही तर पुन्हा एका फेरीसाठी.

या पॅकच्या बाबतीत पूर्ण भरलेला दोन हजारांचा आकडा खरा असता, तर मिनिटाला सहाच्या हिशोबाने निम्मी वेळ पावणेतीन तास भरते. त्या रविवारी काकांना आणि भिडूलाही मनसोक्त उडवता आलं असतं. पॅकमध्ये खरे होते चारशे, निम्मे दोनशे, म्हणजे तेहतीस मिनिटं. ४:३८ ला टायमर वाजला असता.

त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी ७:३६ ला चार्जरच्या कोपऱ्यातला एक तीन अंकी आकडा पॅकवर पेनने लिहायचा होता.